आत्याबाईंच्या चुन्याची निवळी

सातवी झाली आन् माझं लगीन झालं. मग पोरगी झाली. तवर मुळशी खोऱ्यात आमच्या गावाशेजारी हायस्कूल निघालं, तसं पुण्याला कारखान्यात कामाला असल्याल्या माझ्या मालकांनी घरी पत्र धाडलं, सुनंला आठवीत घाला, मॅट्रिक झाली तर मास्तरीण व्हईल. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, व्हय म्हनल्या, पर अट घातली. लेकीला त्या संभाळनार, मधल्या सुट्टीत पाजायला शाळंत आननार, पर एका जरी विषयात नापास झाले तर दप्तर चुलीत.

बाकी समदं जमायचं. भ्या वाटायचं ते सामान्य विज्ञानाचं. एकाच पुस्तकात बेडूक, भिंग, लोहचुंबक, आम्ल, समदं कोंबल्यालं, जत्रंला निघालेल्या बैलगाडीवानी. त्यात सहामाहीला एकेकानं वर्गापुढं प्रयोग करून दाखवायचा. माझ्या वाट्याला आला आपल्या फुंकरीतला वायू. कर्बद्विप्राणिल. नाव घेता घेताच माझा दम सुटायचा. मास्तरांनी सांगितलं हुतं, चुना पान्यात कालवून ठेवा, वरचं नितळ पानी घ्या, त्यात नळीनं फुंका, ते दुधावानी पांढरं व्हतं.

मी आत्याबाईंच्या पान खायच्या चुनाळ्यातला चुना न विचारताच घेतला, रातच्या अंधारात पान्यात कालवून बाटलीत भरला. नळी म्हनून पपईच्या पानाचा देठ. वर्गात बाटली टेबलावर ठिवली, देठ तोंडाला लावला, आन् बघते तर पानी आदीच पांढरं.

पुढच्या बाकावरलं एक पोरगं म्हनलं, "वहिनी, न फुंकताच दूध? म्हस कुटली?"

समदा वर्ग हसला. मास्तर बाटली उजेडात धरून म्हनले, "सूनबाई, ह्यात फुंकून काय कळनार? ह्याला मार्क कसं देऊ?" मला तर डोळ्यापुढं चूलच दिसाय लागली.

आत्याबाई लेकीला काखंत घेऊन खिडकीशी हुत्या, सुट्टीची वाट बघत. त्या सरळ आतच आल्या. "चुना माजा हाय, मास्तर. तोंड पोळू नये म्हनून म्या त्यात ताक घालतीया. ही चोरून घेऊन आली, तिला काय ठावं?"

मास्तरांनी हसू दाबलं, आन् एक दिवस दिला.

सांजच्याला आत्याबाईंनी कळीचा चुना पान्यात टाकला, तो खदखदला, निवला, तळाला बसला. सारा येळ माझी टिंगल. चोराला येवढं तरी कळाय नगं का, कुनाच्या घरात चुन्यात काय घालत्यात?

दुसऱ्या दिशी पानी काचंवानी नितळ. मी फुंकलं, भ्यानं दम लागल्याला हुताच, तो कामी आला. बघता बघता पांढरंफेक. मास्तरांनी वहीत पास लिवलं.

आत्याबाई दारातच हुत्या. लेकीला माझ्याकडं देऊन त्यांनी उरल्यालं नितळ पानी पेल्यात घेतलं, नवा देठ घेतला आन् गाल फुगवून फुंकलं. तेबी पांढरं झालं. लई येळ पेल्यात बघत राहिल्या. मग म्हनल्या, "मास्तर, मीबी पास न्हवं?"

"पास," मास्तर म्हनले.

आता मी नववीत हाय. चुलीचं नाव त्या परत काढत न्हाईत. चुनाळं तेवढं माझ्यापास्नं लपवून ठिवत्यात.