अध्यक्ष मत देत नाही

नागपूरच्या कोर्टात मी बारा वर्षं क्लार्क होतो, मग इथे कॅनडात, मिल्टनला आलो. नोकरी बदलली, खोड गेली नाही. जे लोकांनी ठरवायचं त्यात न्यायाधीशानं नाक खुपसू नये, हे माझं ठाम मत. ते मी जेवताना, गाडी चालवताना, दारातला बर्फ शोव्हल करतानासुद्धा ऐकवतो. बायको म्हणते, यांना बोलायला समोर माणूस लागत नाही, बर्फ चालतो.

दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नांचा प्रश्न संसदेवर सोडला, तेव्हा मुलीला फोनवर म्हणालो, बरोबर केलं. ती सस्काटूनला युनिव्हर्सिटीत शिकवते. तिनं नुसतं 'ओके बाबा' म्हटलं. आठवड्यानं तिनं आईला सांगितलं की ती एका मुलीबरोबर राहते आणि दोघींना लग्न करायचंय. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

कॅनडाचा कायदा तर कधीचाच हो म्हणून बसलाय. पण पोरीला नुसता कागद नको होता. आमच्या बौद्ध मंडळाच्या हॉलमध्ये, बुद्धमूर्तीसमोर, दोघींनी पांढऱ्या साड्या नेसाव्यात आणि बाबांनी लग्न लावावं, असं तिच्या मनात होतं. इथे भन्तेजी सहज मिळत नाहीत, म्हणून मंडळातली लग्नं मीच लावतो. त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतो, मग वराच्या प्रतिज्ञा, मग वधूच्या.

त्या प्रतिज्ञांवरूनच कमिटीत गाडी अडली. दोघीही मुली, मग वराच्या प्रतिज्ञा कुणी घ्यायच्या? मी मंडळाचा अध्यक्ष. सरळ म्हणायचं होतं, दोघी दोन्ही घेतील. पण अंगात कोर्ट शिरलं ना! विषय माझ्या घरचा, मी बाजूला राहतो, सभासदांनीच मत द्यावं, असं मोठ्या ऐटीत जाहीर केलं.

रविवारी दुपारी चहा झाला आणि हात वर झाले. चार-पाच जण सोडले तर सगळे बाजूनं. ज्या काकांची मला धास्ती होती त्यांनी तर दोन्ही हात वर केले, एक खाली घ्यायला लावावा लागला. फार गोड माणसं आहेत आमची.

गाडीत बसल्या बसल्या मुलीला फोन लावला आणि फुशारकीनं सांगितलं, ठराव पास. तिनं विचारलं,

"अँड यू, बाबा? तुमचा हात वर होता?"

"अध्यक्ष मत देत नाही," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. शेजारी बसलेली बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या आईनं गावच्या विहिरीवर पाणी भरावं का, यावर गावानं मतं घेतली असती आणि तिचे वडील बाजूला बसून हात मोजत राहिले असते, तर?"

मी भडकलो. ते वेगळं, हे वेगळं म्हणत दोन सिग्नल भांडलो. मग एका ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसलो. आई लहानपणी त्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणाला दया येऊन पाणी ओतेपर्यंत. हे तिनंच मला सांगितलेलं. आणि मी माझ्या पोरीला तसंच ताटकळत ठेवलं होतं, वर नियम शिकवत होतो. लाज वाटली मला स्वतःची.

पुन्हा फोन लावला. "ठरावाचं सोड," म्हटलं. "सगळे नाही म्हणाले असते तरी तुझं लग्न मीच लावलं असतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."

ती रडत होती. मीही रडलो, लपवलं नाही. मग ती मराठीत म्हणाली, "मी हॉल कुठे मागितला होता, बाबा? मी तुम्हाला मागितलं होतं."