किटलीवरचा अंगठा

आमचे मामा जन्माचे भित्रे, आणि त्यात धंदा कुलपांचा. आयुष्यभर लोकांना हरवलेल्या किल्ल्या बनवून दिल्या, त्यामुळे कुठलंही कुलूप किती सहज उघडतं हे त्यांना पक्कं ठाऊक. ज्याला हे ठाऊक, त्याला झोप कुठून लागणार? दाराला तीन कड्या. कोणी आलं की आधी भोकाला डोळा, मग "कोण?", मग एकेक कडी. तोवर पाहुणा कशासाठी आलो होतो तेच विसरलेला असायचा.

अशा माणसाला छंद काय, तर चांदीचा मुलामा दिलेल्या जुन्या वस्तू जमवायचा. किटल्या, साखरेचे चिमटे, नक्षीचे ट्रे, मेणबत्तीचे स्टँड. भंगारवाल्याकडून, बंद पडलेल्या हॉटेलांतून शोधून आणायचे आणि फळीवर मांडून तशाच काळ्या पडू द्यायचे. घासायची बात नाही.

"घासली की लोकांना चांदी वाटते," ते म्हणायचे. "काळी असली की डबडं वाटतं. डबडं कोण चोरणार?"

फक्त एका किटलीची गोष्ट वेगळी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामांनी ती मामीला दिली आणि अस्सल चांदीची आहे म्हणून ठोकून दिलं. हातात दमडी नव्हती, पण मोठेपणा मिरवायचा होता. ती थाप आहे हे त्यांनी फक्त मला एकटीला सांगितलं होतं. "बाकी काही होवो," म्हणाले, "एवढं तिला कळता कामा नये. काय तोंड दाखवू मी?" मला तर वाटतं, त्या एका खोट्या किटलीला सोबत म्हणूनच बाकीचा सगळा पसारा जमला होता.

मामीचा उजवा हात लुळा पडला तेव्हा मी, त्यांची भाची, मदतीला म्हणून राहायला आले. दुपारी व्यायामवाल्या बाई यायच्या. त्या म्हणाल्या, बोटांना काम द्या. मामीने खडूची पूड आणि मऊ फडकं मागितलं आणि आपली किटली मांडीवर घेतली. फडकं डाव्या हातात, किटलीचा कान उजव्यात. ती बोटं हळूहळू वळायला लागली. मामा स्वयंपाकघरात जाऊन रडले. मीही रडले.

किटली झाली की मामी दुसरं काहीतरी मागायची. उजेड खिडकीत, म्हणून तिची खुर्ची खिडकीत. घासलेली प्रत्येक वस्तू खिडकीच्या कट्ट्यावर. बघता बघता आमची खिडकी सराफाच्या दुकानासारखी झळकायला लागली आणि मामांचं जेवण सुटलं.

"अगं, आतल्या खोलीत बस की," ते म्हणाले.

"आतल्या खोलीत काय अंधार घासू?"

मामांनी तिच्या वळणाऱ्या बोटांकडे बघितलं आणि खुर्ची खिडकीतच राहू दिली.

मग समोरच्या टायरच्या दुकानापाशी एक माणूस दिसायला लागला. निळा शर्ट. आमच्या खिडकीकडे तोंड.

"मामा, बसची वाट बघत असेल बिचारा," मी चेष्टा केली.

"इथे बस थांबत नाही."

माझं हसू तिथेच विरलं. त्यानंतर मीही पडद्याआडून बघायला लागले. तो दिसला की भीती वाटायची, आणि दिसला नाही की जास्तच.

त्या दुपारी बेल वाजली. बाईंचीच वेळ होती. मामांनी जन्मात पहिल्यांदा भोकाला डोळा न लावता कड्या काढल्या. बोटं सुधारताहेत, त्या आनंदात होते. दारात निळा शर्ट उभा होता, मागे दुसरा एक, त्याच्या हातात पोतं. तीन कड्या, आणि चोराला एकाही कडीला हात लावावा लागला नाही.

निळ्या शर्टाने सुरी काढली. दुसऱ्याने कट्टा पोत्यात रिकामा केला.

"म्हाताऱ्या, बाकीचं कुठंय? खिडकीत एवढी चांदी, तर कपाटात किती असेल?"

"चांदी नाही हो. मुलामा आहे सगळा," मामा म्हणाले.

दोघे हसले. मग निळ्या शर्टाचं लक्ष मामीच्या मांडीवर गेलं. त्याने किटली ओढली. मामी सोडेना. तिच्या उजव्या हाताने, त्या लुळ्या हाताने, कान गच्च धरला होता.

"एवढं धरतेय म्हणजे ही तर नक्कीच खरी. सोड, नाहीतर बोटं जातील." त्याने सुरी तिच्या बोटांवर टेकवली.

झुरळाला घाबरणारे माझे मामा कामाच्या टेबलाकडे गेले आणि कानस घेऊन आले. "थांबा," म्हणाले. "दाखवतो." मामीसमोर गुडघ्यांवर बसले, तिच्या तोंडाकडे न बघता किटलीच्या पोटावर कानस ओढू लागले. तो करकर आवाज अजून माझ्या कानात आहे. पांढऱ्याखालून पिवळी रेघ निघाली.

निळ्या शर्टाने कानस हिसकावली, पोत्यातला ट्रे घासून बघितला, मग एक चिमटा. सगळीकडे पितळ. त्याने अशी शिवी दिली की ती इथे लिहवत नाही, पोत्यावर लाथ मारली आणि दोघे निघून गेले. दार उघडंच राहिलं.

मी धावत जाऊन कड्या लावल्या. मागे वळले, तर मामा तसेच जमिनीवर, मान खाली.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," ते म्हणाले.

मामीने कष्टाने उजवा अंगठा जरा सरकवला. किटली घासताना तो कायम कानाच्या मुळाशी टेकलेला असायचा. मला वाटायचं, तो अजून आखडलेलाच आहे. त्याखाली रुपयाएवढा पिवळा डाग होता, जुना, झिजून गुळगुळीत झालेला.

"हे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी निघालं," मामी म्हणाली. "तुमच्या नजरेला पडू नये म्हणून फळीवर कान भिंतीकडे, आणि हातात घेतली की वर अंगठा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"अहो, आधीच काय कमी घाबरता तुम्ही?"

मामांना हसू आलं की रडू, कळलं नाही. भीतीने वळलेली तिची बोटं किटलीवरून सुटेनात. मामा तिथेच बसून ती एकेक करून सोडवू लागले.