मामाचं 'आम्ही'

माझा मामा कपाटं विकणाऱ्या एका कंपनीच्या टेम्पोवर होता. कपाट गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचं, जिन्याने वर चढवायचं, जोडून द्यायचं, एवढंच काम. पण बोलायला लागला की वाटावं, कंपनी याच्याच बापाची. "आम्ही यंदा लोखंडी कपाटं बंद केली." "आम्ही दुसरं गोदाम घेतलं." त्या गोदामात त्याला बसायला खुर्चीसुद्धा नव्हती, ते सोडा. मामी तर त्याला 'कंपनी'च म्हणायची. "कंपनी, साखर संपलीय!" अशी स्वयंपाकघरातून आरोळी आली की मामा निमूट पिशवी उचलायचा.

टेम्पोच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'गिऱ्हाइकाला नाही म्हणणं आम्हाला जमत नाही.' मालकांनी ते जाहिरातीसाठी रंगवून घेतलं होतं. मनावर घेतलं ते एकट्या मामाने.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे त्याने नवं कपाट पोचवलं. बाई म्हणाल्या, "दादा, जुनं तेवढं गॅलरीत सरकवून देता का?" जोडीदार खाली टेम्पो वळवत होता, तरी हा एकटाच भिडला. जुन्या कपाटाचा एक पाय आधीच खिळखिळा झालेला. ते कलंडलं ते थेट बाईंच्या पावलावर. हाड मोडलं. त्यांचं मशीन पायाने चालणारं, त्यामुळे पाऊल प्लॅस्टरमध्ये म्हणजे धंदाच प्लॅस्टरमध्ये. त्यांनी कंपनीवर दावा लावला.

कंपनीच्या वकिलांनी मामाला बोलावून चहा पाजला. त्या ऑफिसात त्याला मिळालेला तो पहिला चहा. संशय तेव्हाच यायला हवा होता. वकील म्हणाले, "नवं कपाट पोचवणं कंपनीचं काम. जुनं सरकवणं हा तुमचा उद्योग. कोर्टात एवढंच सांगा, 'मी माझ्या मनाने केलं.' नोकरीला धक्का लागणार नाही. नाहीतर..." नाहीतरच्या पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मामी घाबरली. तिने तालीमच सुरू केली.

"म्हणा, मी माझ्या मनाने केलं."

"आम्ही आमच्या मनाने केलं."

"अहो, मी!"

"तू कशाला? तू तर घरी होतीस."

मामीने कपाळावर हात मारून घेतला. पण रात्री जेवताना मामा हळूच म्हणाला, "मी एकट्याने केलं असं ठरलं, तर त्या बाईंना भरपाई कोण देणार गं? माझ्याकडे आहे काय?"

कोर्टात मामा इस्त्रीचा गणवेश घालून उभा राहिला. वकिलांनी विचारलं, "जुनं कपाट कोणी सरकवलं?"

"मी."

मामीने सुस्कारा सोडला. वकील खूश होऊन खाली बसणार, तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी विचारलं, "का सरकवलंत?"

"बाईंनी सांगितलं म्हणून. आम्ही गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही."

"आम्ही म्हणजे कोण?"

मामा गोंधळला. असला प्रश्न त्याला जन्मात कोणी विचारला नव्हता. "आम्ही म्हणजे... आम्हीच, बाईसाहेब. टेम्पोवर लिहिलंय की."

सगळं कोर्ट हसलं. वकील सोडून.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, माणूस कंपनीच्या कामावर होता, कंपनीनेच शिकवलं तसा वागला. त्या कामाच्या ओघात त्याचा हात चुकला तर तो हात कंपनीचा. भरपाई कंपनीने द्यायची.

"ऐकलंस?" मामा मामीला कोपराने ढोसत म्हणाला. "हात कंपनीचा!" हरलेल्या बाजूला एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्याला मिठी मारावीशी वाटत होती आणि एक धपाटाही घालावासा वाटत होता.

बाहेर पायऱ्यांवर मालक दिसले. मामा लगबगीने पुढे झाला. "साहेब, आता टेम्पोत कपाट बांधून धरायला एक जाड पट्टा ठेवू या आपण. असं परत व्हायला नको."

मालकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुमच्यामुळे आम्हाला भुर्दंड पडला," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

गाडीचं दार लागलं. मला भयंकर संताप आला. मामा गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला आणि मग आमच्याकडे वळला.

"पण उद्या आपल्याला तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवायचंय," तो आम्हाला समजावून सांगू लागला.