पाहुण्यांसाठी खुरपलेलं शेत

ईमेलवरच्या मंडळींना नमस्कार. आनेकलच्या शेतांवरून आत्ताच परतलोय. पायाला माती तशीच आहे, पण हे आधी लिहितो.

माझी मुलगी सुमा भाजीच्या शेतांतलं तण मोजते. पिकाच्या ओळीत लाकडी चौकट ठेवायची आणि आत उगवलेली प्रत्येक जात लिहायची. आज शेवटचं शेत होतं. ते झालं तरच तिचा प्रबंध वेळेत जाणार होता. मी वही धरायला गेलो होतो.

पोचलो तर टोमॅटोचं रान अंगणासारखं लख्ख! मालकीण गौरक्का कौतुकानं कन्नडात म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून पहाटेपासून खुरपलं. पाहुण्यांना घाण कशी दाखवायची?"

सुमाचा चेहरा उतरला. कारण कळल्यावर अक्कांनी कपाळावर हात मारला आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. "माझ्या जावेकडे जा. ती खुरप्याला हात लावत नाही."

जाऊबाई फुरंगटल्या. "घाण बघायला माझीच वांगी सापडली होय?"

सुमा मात्र मोजत गेली. घोळ, लव्हाळा, केना, एकदांडी... "तुमच्याकडे चौदा जाती!"

"आणि तिच्याकडे?" जाऊबाईंनी गौरक्कांकडे बोट दाखवलं.

"एकही नाही."

जाऊबाई अशा खुलल्या म्हणून सांगू! गौरक्का हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मीही स्वल्प, थोडंसं तण ठेवीन हं."

वर्गात आयुष्यभर मुलांकडून रानाच्या कविता पाठ करून घेतल्या, पण पायाखालच्या गवताचं नाव कधी विचारलं नाही. आता वहीतली चौदा नावं पाठ करतोय. तुम्हाला किती येतात?