पाण्याविना धुलाई

माणसाला जन्मात जेवढे धक्के बसायचे, तेवढे मला एकट्या माझ्या थोरल्या साडूंनी दिले, आणि तेही सगळे रजेवर आलेले असताना. मिलिटरीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला हा वडूजचा माणूस आता पेन्शन खात पारावर बसेल, अशी आमची समजूत होती. तर ते उठले आणि कुवेतला तेलाचा टँकर चालवायला गेले. पहिल्यांदा रजेवर आले ते थेट सांगलीला आमच्या घरी उतरले. बॅगेतून घड्याळ निघतं की ट्रान्झिस्टर, म्हणून आम्ही सगळे टक लावून बसलो होतो. साडूंनी चहाचा कप बाजूला सारला आणि मला अंगातला कोट काढायला सांगितला. मी हळदीच्या पेठेत दिवाणजी. कोटाच्या बाहीवर हळद कायमची वस्तीला. त्यांनी एका बाटलीतून पेट्रोल ओतून ती बाही चांगली तासभर घासली. डाग जागचा हलला नाही. मात्र त्या वासात माझी बायको स्टोव्ह पेटवायला तयार होईना, आणि कुवेतच्या पाहुण्यासकट आम्ही सगळे चिवड्यावर जेवलो.

मग उलगडा झाला. कुवेतला पाणी महाग आणि पेट्रोल स्वस्त. तिथं भारी कपडे पेट्रोलनं धुताना पाहून साडूंच्या डोक्यात प्रकाश पडला होता. वडूजला पाण्याची बोंब तर बारमाही. तेव्हा वडूजला पाण्याविना चालणारी लॉन्ड्री काढायची, आणि पुन्हा कुणाला म्हणून सलाम ठोकायचा नाही, असा त्यांचा बेत होता. अडचण एकच, व्हिसा. तो ड्रायव्हरचा. मालकाची नोकरी सोडून दुसऱ्या कशाचा एक पैसा जरी घेतला, तर पहिल्या विमानानं घरी. त्यांच्या कामगारांच्या कँपातल्या एकानं फावल्या वेळात पैसे घेऊन लोकांचे केस कापले होते, तो असाच परत आला. म्हणून साडू दर शुक्रवारी सबंध कँपाचे कपडे फुकट धूत. लोक आपले खुशाल मळवून आणून देत. हात बसला पाहिजे, एवढंच साडूंचं म्हणणं.

इथवर समजण्यासारखं होतं. पण हा नियम ते इकडे आल्यावरही पाळत, हे पाहून मी थक्कच झालो. शिराळ्याला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या कोऱ्या टेरिलीनच्या शर्टावर तूप सांडलं. साडू भरल्या पंगतीतून उठले, त्या भल्या गृहस्थाला बनियनवर आणलं आणि मंडपामागं जाऊन पिशवीतल्या पेट्रोलनं शर्ट धुऊन आणला. डाग गेला होता, पण तो शर्ट घालून वरबाप मंडपात फिरू लागले तेव्हा कुणाची विडी पेटवायची छाती होईना. खूश होऊन त्यांनी पाचाची नोट पुढं केली. नाग खेळवणाऱ्या शिराळ्यात सापाला कुणी भीत नाही, पण आमचे साडू त्या नोटेला भ्याले आणि चार पावलं मागं सरले. मी त्यांना बाजूला घेतलं, इथं शिराळ्यात तुमचा मालक बघायला येतो का, म्हणून विचारलं.

"पाव्हणं, हितं घेतलं तर हाताला चटक लागंल," ते म्हणाले. "व्हिसा हाय तवर मी दुसऱ्याचा मानूस हाय."

पुढच्या रजेत त्यांनी वडूजच्या पेठेत गाळा घेतला, 'पाण्याविना धुलाई' अशी पाटी रंगवून घेतली, कोळशाची पितळी इस्त्री आणली. ते परत गेल्यावर मेव्हणीबाई रोज सकाळी तो रिकामा गाळा झाडायच्या आणि पाटीवरची धूळ पुसायच्या. मग दुष्काळ पडला. सगळा तालुका आभाळाकडं बघत होता आणि रजेवर आलेले साडू आपल्या पाटीकडं, पाणी आटलं की गिऱ्हाईक वाढणार म्हणून. मला तेव्हा त्यांचा मनस्वी राग आला होता, हेही सांगून टाकतो.

करार पाडव्याला संपणार आणि पाडव्यालाच दुकान उघडणार, असं ठरलं. शेवटच्या लांब रजेवर ते थंडीत आले, आणि त्याच थंडीत अरबांनी तेलाचा भाव वाढवला. बातमी त्यांनी आमच्याच रेडिओवर ऐकली. आठवड्याभरात इथल्या पंपावर पेट्रोल असं कडाडलं, की कोट धुण्यापेक्षा नवा शिवलेला बरा. मला हसावं की रडावं कळेना. साडू आपल्या तळहातांकडे बघत बसले होते.

"आवं, त्ये तेल मीच वाहत हुतो की," एवढंच ते बोलले.

त्याच भावावर गबर झालेल्या मालकानं त्यांना दुप्पट पगारावर परत बोलावलं. गाळ्याचं भाडं थकायच्या आत साडूंनी होकार कळवला. पाडव्याला सगळ्या पेठेत दुकानांना तोरणं लागली, पण त्यांचा गाळा काही उघडला नाही. मेव्हणीबाईंनी पाटी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

तिसऱ्या दिवशी ते मुंबईला निघाले. मी सांगलीच्या स्टँडवर पोचवायला गेलो होतो, अंगात तोच कोट. आदल्या दिवशी साडू आमचा निरोप घ्यायला आले, तेव्हा डब्यात उरलेलं पेट्रोल संपवायला म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा धुतला होता. गाडी लागली. त्यांनी ट्रंक आत ठेवली, परत खाली उतरले आणि माझ्यापुढं तळहात पसरला. मला वाटलं, काही विसरलं असेल.

"पाव्हणं, कोटाची धुलाई द्या," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडं पैसे मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"जुना व्हिसा परवा संपला. नवा म्हमईत जाऊन घ्यायचाय. आज मी कुनाचाच न्हाई."

मी रुपया काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो दोन्ही डोळ्यांना लावला, भवानी झाली म्हणाले, आणि शर्टाच्या आतल्या खिशात टाकून गाडीत चढले.

बाहीवरची हळद अजून तशीच आहे. तो कोट मी पुन्हा कुठल्या लॉन्ड्रीत दिलेला नाही.