औषध वर जाईपर्यंत

मंगळवारी दुपारी माझ्या बायकोच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. रक्तातला आजार मेंदूभोवती पोचला होता.

त्याआधी काही दिवस तिला एकाचे दोन दिसत होते. "एक नवरा पुरे होता," ती म्हणाली, आणि आम्ही चष्म्याचा नंबर तपासून आलो.

शिरेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. शरीर ती वाट अडवून धरतं. म्हणून ते कमरेत, दोन मणक्यांच्या मधून, थेट कण्यापासून मेंदूपर्यंत भरलेल्या त्या पाण्यात सोडायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. खाली सोडलेलं वर कसं जाणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, हे पाणी नळासारखं एकाच दिशेने वाहत नाही. हृदयाच्या ठोक्याबरोबर ते जरा वर सरकतं, जरा खाली येतं, आणि त्या हेलकाव्यांत औषध पसरत जातं. सुई काढल्यावर तासभर उशीशिवाय सपाट पडून राहायचं, म्हणजे वर जायला मदत होते.

"खाडीसारखंच की," ती म्हणाली. तिचं माहेर खाडीकाठच्या बाळकुमच्या कोळ्यांचं. "बाबा भरतीवर होडी सोडायचे. ओहोटी लागली की नांगर टाकून विड्या ओढत बसायचे. पण कल्याण गाठायचे."

मग दर इंजेक्शननंतर तो तास असाच जाऊ लागला. ती छताकडे बघत आडवी, मी शेजारी स्टुलावर.

"कुठवर आलं?"

"मुंब्रा. वारा पडलाय."

थोड्या वेळाने मी पुन्हा विचारायचो.

"डोंबिवली. अहो, घाई काय? तुम्हाला उतरायचंय का तिथे?"

"काकू, मान हलवू नका," नर्स ओरडायची. ती मान न हलवता हसायची. मग कशावरून तरी माहेरचं काही निघायचं. आईची टोपली, वाळत घातलेले बोंबील, मला पहिल्यांदा पाहिल्यावर बहिणींनी ठेवलेलं नाव. ते नाव तिने तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं.

औषध डोक्यापाशी थांबत नाही, हे मागाहून कळलं. त्या पाण्यातून ते रक्तात झिरपतं आणि अंगभर जातं. काही दिवसांनी तिचं तोंड आलं. "टोचलं कमरेत, सोलली जीभ," ती म्हणाली, आणि कालवण बाजूला सारून गार दूधभात खाल्ला.

पुढे एकदा पाणी तपासलं, तेव्हा त्यात पेशी नव्हत्या. तिला पुन्हा एकच माणूस दिसू लागला. माझ्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "वाळलात हो." औषध पोचलं होतं. पण आजार रक्तात उलटला, आणि तिथे कशालाच दाद देईना. दिवाळीच्या आधी ती गेली.

हॉस्पिटलवरून रिक्षा गेली की मुलगी माझा हात धरते. तिला वाटतं, मला त्रास होतो. मला तो तास हवा असतो. लग्नानंतर इतकी वर्षं आम्ही एका घरात होतो. कुठे जायचं नाही, काही करायचं नाही, तिने बोलायचं आणि मी ऐकायचं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मुलगी तिच्या सासरी, घरात आता मी एकटा असतो. दुपारी जेवण झाल्यावर माझ्याशी बोलायला कुणी नसतं.