म्हशीच्या दुधाचे ठोकळे

सेन्सर लहान पडले नव्हते. हे आधी लिहितो, म्हणजे कुणी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

निवृत्तीनंतरही मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या फिजिक्स प्रयोगशाळेत मदतीला जायचो. तिथे एक मुलगी पीएच.डी. करत होती. लेसरचा प्रकाश शरीरात सोडायचा. रक्त तो शोषून किंचित तापतं, फुगतं आणि त्यातून अगदी बारीक आवाज उठतो. तो सेन्सरने टिपून आतल्या रक्तवाहिनीचं चित्र काढायचं. तिचे सेन्सर ज्वारीच्या दाण्याएवढे. इतक्या लहान सेन्सरना खोलवरचं ऐकू येतं, एवढंच तिला दाखवायचं होतं.

माणसाऐवजी आम्ही अगरच्या जेलीचे ठोकळे वापरायचो. त्यात मोजून दूध घातलं की प्रकाश मांसात पसरतो तसा पसरतो. तळाशी शाई भरलेली बारीक नळी, ती रक्तवाहिनी. ठोकळे मी करायचो. दिसायला थेट खरवस.

"काका, डब्यात भरून घरी नेऊ नका हं," ती म्हणायची.

दूध पिशवीतलं, ठरलेलंच. तिचं काम तपासायला बाहेरून लोक येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी ते दूध मिळालं नाही. मी दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून देतात.

"पावणं, गलास भरू?"

"प्यायला न्हाय, कॉलेजात प्रयोगाला पायजे."

"मग म्हशीला बी डिग्री द्या की."

मला वाटलं, पाणचट पिशवीपेक्षा हे चांगलंच. सगळे ठोकळे त्याच दुधाचे केले.

तपासणीच्या दिवशी नळी पहिल्यांदाच चार सेंटिमीटर खोल ठेवली होती. पडद्यावर काहीच आलं नाही. तिने विचारलं, "काका, दूध नेहमीचंच ना?"

"व्हय, तेच की."

उद्यापासून येऊ नका म्हणतील, अशी भीती वाटली असावी. आता नक्की आठवत नाही. तिचे सर म्हणाले, "सेन्सर लहान पडतात." अहवालात तेच गेलं.

दोन दिवसांनी आवराआवर करताना मी एक जुना ठोकळा आणि एक नवा, दोन्ही मोबाईलच्या टॉर्चवर धरले. जुन्यातून उजेड आला. नव्यात वरच अडला. म्हशीच्या दुधातल्या स्निग्धांशाने प्रकाश खाली पोचूच दिला नव्हता. मी ठोकळे मोरीत कुस्करले, पाणी सोडलं. ती तेव्हा शेजारच्या खोलीतच होती. महिन्याभरात तिने पीएच.डी. सोडली.

गेल्या आठवड्यात गारगोटीला गेलो. ती तिथे अकरावी-बारावीला शिकवते. पेपर तपासत होती. मी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं.

"दूध किती घातलं होतं?"

"नेहमीएवढंच."

तिने एका कोऱ्या पुरवणीवर आकडे मांडले. बराच वेळ खाली मान घालून हिशेब केला, पुन्हा वरपासून तपासला.

"पिशवीचं असतं तर नळी दिसली असती," ती म्हणाली. मग पुरवणी उलटी करून माझ्यापुढे सरकवली, पेन दिलं.

"काका, हे लिहून द्या."